आंघोळ कोणी घातली?

गांगुर्डे मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा कॉलेजच्या स्मरणिकेसाठी माझ्याकडे त्यांच्यावर एक पान मागितलं होतं. सोबत कार्यालयातून सूचनाही आली होती, की ‘सेवाभाव, साधी राहणी, क्षमाशील वृत्ती असे मुद्दे घ्यावेत.’ साधी राहणी ठीक होती. सेवाभावाचंही काहीतरी जमवता आलं असतं. पण ‘क्षमाशील वृत्ती’ वाचून मला हसू आवरेना. ज्या बाईंनी आयुष्यात एकालाही माफ केल्याचं मला माहीत नाही, त्यांच्या नावावर क्षमा चिकटवायची म्हणजे त्यांचा अपमानच. मी पान दिलं नाही. आता स्मरणिका छापून, वाटून, रद्दीतही गेली असेल. तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

डॉ. विशाखा गांगुर्डे आमच्या मेडिकल कॉलेजात सामाजिक आरोग्य विभागाच्या प्राध्यापक होत्या आणि मी त्याच विभागात सोशल वर्कर. त्यांचं सगळं संशोधन व्यसन आणि मन या दोन गोष्टींवर. दारू, गांजा, खोकल्याचं औषध, झोपेच्या गोळ्या, बायकांची मिश्री, आणि हे सगळं घेणाऱ्या माणसाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या डोक्यात काय चाललेलं असतं ते. लोक म्हणायचे, मॅडम दोन विषय एकदम कशाला? त्या म्हणायच्या, “एकाच घराच्या दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत बाटली दिसते. मागच्या खोलीत कोणी जातच नाही.”

उंचीने बुटक्या, आवाजाने खर्जातल्या. चालताना पुढे झुकून चालायच्या, एखाद्याला गाठायचंच आहे अशा. प्रत्येक ड्रेसला शिंप्याकडून मुद्दाम खिसा शिवून घ्यायच्या आणि त्यात खारे शेंगदाणे ठेवायच्या. समोरचा माणूस खोटं बोलायला लागला की शेंगदाणे बाहेर यायचे. एकेक दाणा सोलून, फोलपट फुंकरून त्या शांतपणे ऐकत राहायच्या. विभागप्रमुखांच्या मीटिंगमध्ये तर टेबलावर फोलपटांचा ढीग व्हायचा. आम्हाला अर्थ ठाऊक होता, त्यामुळे आम्हाला मान वर करायची चोरी.

सूड हा शब्द त्यांना लाजिरवाणा वाटत नसे. “राग फार गुणी असतो गं सुनीता,” मला म्हणायच्या, “त्याला नुसतं बसवून ठेवलं की तो घरातली भांडी फोडतो. त्याला कामाला लावायचं.” आणि त्यांनी लावला होता.

त्याची पहिली चुणूक मला दिसली ती एका ज्येष्ठ प्राध्यापकांच्या निरोपसमारंभात. हे सर मॅडम शिकायला होत्या तेव्हा त्यांचे मार्गदर्शक. बाकीच्या मुलांना खेड्यातल्या पाहणीपासून परिषदेपर्यंत सगळीकडे न्यायचे, आणि मॅडमना सांगायचे, “गांगुर्डे, चहा सांगून या.” एकदा सगळ्यांसमोर म्हणाले होते, तुमच्या लोकांना सीट मिळते, पुढचं आम्हाला निस्तरावं लागतं. मॅडम तेव्हा काही बोलल्या नाहीत. पुढे त्याच सरांच्या हाताखाली नोकरी केली, पेपर लिहिले, सरांचं नाव त्यावर घातलं. निरोपाच्या दिवशी भाषणाला उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “सरांनी मला चहा आणायला पाठवलं, म्हणून मी कॅन्टीनमध्ये जाऊन बसायला शिकले. तिथे मला वॉर्डबॉय भेटले, ड्रायव्हर भेटले, ड्यूटी संपवून पिणारे भेटले. माझा पहिला अभ्यास तिथे झाला. आणि सर म्हणाले होते…” असं म्हणून सरांचं ते सीटचं वाक्य त्यांनी शब्दन् शब्द, सरांच्याच आवाजाच्या चढउतारांसकट म्हणून दाखवलं. पुढे म्हणाल्या, “तर सरांनी माझं जे निस्तरलं, त्याबद्दल मी विभागातर्फे त्यांचे आभार मानते.” आणि शाल घेऊन पुढे गेल्या. सरांची बायको पहिल्या रांगेत होती. मुलगा, सून, नातवंडं. सरांना ती शाल पांघरून घ्यावी लागली आणि फोटोसाठी हसावंही लागलं. तो फोटो विभागात बरेच दिवस लावलेला होता. मॅडमनीच लावला होता.

पण हा सगळा खवटपणा वरच्यांसाठी. खाली त्यांचं वागणं वेगळं होतं. एकदा एक विद्यार्थी सर्वेक्षणाहून आला आणि सांगायला लागला, “मॅडम, त्या घरातला बेवडा…” मॅडमनी त्याला तिथंच थांबवलं. “परत जा. त्याच्या आईला विचारून ये, लहानपणी त्याला लाडाने काय म्हणायचे.” तो पोरगा हिरमुसून परत गेला आणि संध्याकाळी आला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. “गुंड्या म्हणायचे, मॅडम.” त्यानंतर आमच्या विभागात ‘बेवडा’ हा शब्द कोणी काढला नाही. आम्ही ‘पिणारा माणूस’ म्हणायचो.

हे सगळं कुठून आलं ते मला बरंच उशिरा कळलं.

मॅडमचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात होते. नाशिकरोडच्या बाजूला कॉलनीत घर. धाकटा भाऊ मिलिंद तिथंच कंत्राटावर लागला होता. हसरा मुलगा, बुलबुल तरंग वाजवायचा, भीमजयंतीला गल्लीत त्याच्याशिवाय पान हलायचं नाही. कंत्राट गेलं, झोप गेली, मग दारू आली. मॅडम तेव्हा दूरच्या जिल्ह्यात पहिल्या नोकरीवर. घरच्यांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मिलिंदला शहराबाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आठवड्याच्या आत तो गेला. हार्ट अटॅक, असं केंद्राने सांगितलं. मॅडम पोचल्या तेव्हा तो अंगणात ठेवलेला होता. आंघोळ घातलेला, पांढराशुभ्र लांब बाह्यांचा नवा सदरा, मनगटाशी गुंड्या लावलेल्या, केस विंचरलेले. त्यांची आई, माई, येईल त्याला सांगत होती, “लय चांगली मानसं. आमाला काही करू दिलं नाही. सोताच्या हातानं आंघोळ घालून आनला माझा मिलिंद.”

मॅडमनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. डॉक्टर होत्या, तरी त्यांनी ती बाही वर केली नाही. “तेव्हा मी बहीण होते,” एवढंच त्या म्हणाल्या.

त्या केंद्राचं नाव मी लिहीत नाही, उगाच जाहिरात होईल. चालवणाऱ्याला सगळे आप्पा म्हणतात. पांढरे कपडे, गळ्यात उपरणं, आवाजात साखर. ‘मी स्वतः गटारातून उठलेला माणूस आहे’ हे त्याचं पेटंट वाक्य. ते खरंही होतं. तरुणपणी तो भरपूर प्यायचा आणि एका झटक्यात सोडली, असं सांगायचा. म्हणून जगातल्या प्रत्येकाने एका झटक्यातच सोडली पाहिजे, हे त्याचं वैद्यकशास्त्र. सत्कार, पुरस्कार, शाळांमधून भाषणं. त्याला अहो-जाहो करणं मला जमणार नाही, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

माईने मिलिंदच्या आठवणीत एक नेम धरला. दर बुद्धपौर्णिमेला खीर करायची आणि पितळी डब्यातून केंद्रातल्या माणसांसाठी पाठवायची. पोचवायला जायच्या मॅडम. आप्पा दारात येऊन दोन्ही हातांनी डबा घ्यायचा. “ताई, माईंना नमस्कार सांगा. मिलिंद आपला मुलगाच होता.” आत कधी सोडायचा नाही. जाळीच्या दारामागे माणसं उकिडवी बसलेली दिसायची.

आता आमच्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं. खेड्यापाड्यांत माणूस कशाने मेला हे कागदावर बऱ्याचदा चुकीचं असतं. म्हणून काही दिवस गेले की त्या घरी जायचं, घरच्यांशी निवांत बोलायचं, आणि शेवटच्या दिवसांत काय काय झालं ते विचारत विचारत मृत्यूचं खरं कारण शोधायचं. ताप होता का, पोट फुगलं होतं का, झोप लागत होती का, काही असंबद्ध बोलत होता का. मॅडमचा यात हातखंडा होता. दारूने गेलेल्या माणसाच्या घरी दारूचं नाव त्या आधी काढायच्याच नाहीत. खाली बसायच्या, चहा घ्यायच्या, म्हशीची चौकशी करायच्या. “हार्ट अटॅक आला,” असं घरचे म्हणाले की म्हणायच्या, “बरं. त्याच्या आदल्या दिवसाचं सांगा.” की तिथून सगळं निघायचं.

असंच आम्ही कळवणच्या पलीकडे एका गावात गेलो होतो. म्हातारा बाप, तरणा मुलगा गेलेला. मॅडमनी नेहमीप्रमाणे विचारलं, बाबा, शेवटचं कसं झालं सांगा.

“काय सांगू ताई,” म्हातारा म्हणाला. “आमाला काय बी करावं नाय लागलं. नाशिकला केंद्रात ठिवला व्हता. तिथंच अटॅक आला. त्यांनीच आंघोळ घातली, नवा सदरा घातला, गाडीत आनून दिला. मी म्हनलं आपल्या हातानं दोन तांबे तरी घालू द्या. तं म्हने, बाबा, झालीय आंघोळ, पुन्हा नका उघडू, तुमाला तरास हुईल.”

“सदरा कसा होता, बाबा?”

“लय चांगला. पांढरा. फुल बायांचा. उन्हाळ्याचे दिवस, पन नवाकोरा.”

मॅडमचा चहा तसाच राहिला. परतीच्या एसटीत खिडकीशी बसून त्या बाहेर बघत होत्या आणि वणीचा फाटा मागे गेल्यावर म्हणाल्या, “मिलिंदला पण धुऊनच पाठवलं होतं.” मग म्हणाल्या, “आपल्याकडे मेलेल्या माणसाचं अंग शेवटचं कोण बघतं, सुनीता? आंघोळ घालणारा. भाऊ बघतो, चुलता बघतो. पाठीवर वळ असले तर त्याला दिसतात. दोराचे करकोचे असले तर त्याला दिसतात. आंघोळच घालून पाठवली की झालं काम. वर माणसं पाया पडतात.” आणि त्यांनी खिशातून एकही शेंगदाणा काढला नाही, कारण या वेळी कोणी खोटं बोलत नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी काय केलं असेल? मी असते तर त्याच दिवशी माईला सांगितलं असतं, पोलिसांत गेले असते, केंद्राच्या दारात जाऊन गोंधळ घातला असता. मॅडमनी नवा अभ्यास आखला. व्यसन असलेल्या माणसांचे मृत्यू आणि मागे राहिलेल्यांचं मानसिक आरोग्य. नाशिक जिल्ह्यात, गावोगाव. प्रश्नावली नेहमीचीच, फक्त शेवटच्या भागात एक प्रश्न नवा: शेवटची आंघोळ कोणी घातली?

माणसांवर संशोधन करायचं तर कॉलेजच्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टर असतात, वकील असतो, आणि समाजातला एक सामान्य माणूसही बसवावा लागतो, म्हणजे साध्या माणसाच्या बाजूने कोणी तरी बोलेल. आमच्या कॉलेजने त्या खुर्चीवर कोणाला बसवलं होतं? आप्पाला.

मी त्या मीटिंगला कागद घेऊन मॅडमच्या मागे बसले होते. मनोविकार विभागाच्या एका डॉक्टरांनी नेमकं त्याच प्रश्नावर बोट ठेवलं. “हे कशाला? घरच्यांच्या जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल.”

मॅडम म्हणाल्या, “शेवटचं करायला मिळालं की नाही, याचा मागच्यांच्या मनावर फार परिणाम होतो, सर. ज्यांना मिळत नाही, ती माणसं वर्षानुवर्षं झोपत नाहीत. मला ते मोजायचंय.” हे शब्दशः खरं होतं. मॅडम खोटं बोलून कधी काही मिळवायच्या नाहीत.

डॉक्टर कुरकुरले. काढूनच टाका, म्हणाले. आणि तेवढ्यात आप्पा पुढे सरसावला. “सर, राहू द्या हो. आपल्या संस्कृतीत शेवटची आंघोळ म्हणजे काय, हे आमच्यासारख्या तळागाळातल्या माणसाला विचारा. ताईंनी फार बारकाईने विचार केलाय. माझा पूर्ण पाठिंबा.” आणि त्याने सगळ्यांत आधी सही केली.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मॅडम, त्याच्या लक्षात कसं आलं नाही?”

“त्याला ती सेवा वाटते,” मॅडम म्हणाल्या. “इतकी वर्षं लोक त्याबद्दल हात जोडतायत. आपण काय लपवतोय हे तो विसरून गेलाय.” त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, मला ते आवडलं.

आम्ही जिल्हा पिंजून काढला. येवल्याच्या विणकरांची घरं, निफाडकडची, दिंडोरीकडची, शहरातल्या वस्त्या. आंघोळ कोणी घातली, या प्रश्नाला घरोघर माणसं अगदी सहज उत्तर द्यायची. भावाने. मोठ्या जावयाने. चुलत्याने, बाकी कोणाला धीर झाला नाही. ते सांगताना कोणी अंगावरची एखादी खूणही सांगायचं. आणि मध्येच एखादं घर यायचं, तिथे उत्तर असायचं, “तिकडूनच घालून आणला.” तिकडून म्हणजे कुठून, ते सांगायला नको. दर वेळी पांढरा सदरा, दर वेळी लांब बाह्या, दर वेळी हार्ट अटॅक. घरच्यांनी दर वेळी हात जोडलेले. प्रत्येकाला वाटत होतं की हे एवढं चांगलं फक्त आपल्याशीच वागले.

मी म्हटलं, “मॅडम, पुरे झालं. पोलिसांत जाऊ.”

“काय घेऊन जाऊ? ही घरं मी शब्द देऊन उघडलीत. तुमचं नाव, तुमची गोष्ट बाहेर जाणार नाही, असा शब्द.”

“मग मिलिंदचं काय?”

“मिलिंदच्या घरची मी आहे. माझं तोंड मी उघडू शकते. पण एकट्या बहिणीचं कोण ऐकणार? म्हणतील, दुःखाने डोकं फिरलंय.” मग त्या नेहमीच्या खर्जात म्हणाल्या, “शब्द मी दिलाय, सुनीता. गुपित त्यांचं आहे. मी उघडणार नाही. त्यांनी उघडलं तर मी मध्ये पडणार नाही.”

मधल्या बुद्धपौर्णिमेला माईने खीर केली. मॅडम डबा घेऊन गेल्या. मी सोबत होते. आप्पाने दोन्ही हात पुढे केले, “ताई, माईंच्या हाताची चव काही औरच.” मॅडम म्हणाल्या, “तुम्ही खाता का हो स्वतः?” तो म्हणाला, “पहिला घास माझाच.” मॅडम हसून म्हणाल्या, “खा, खा.” मला त्या ‘खा’ची भीती वाटली आणि मजाही वाटली. माईला त्यांनी तोवर काहीच सांगितलं नव्हतं. ती आनंदाने वेलदोडे कुटत होती, आणि मॅडम शेजारी बसून चारोळ्या निवडत होत्या. हे त्यांना कसं जमलं, मला अजून कळत नाही.

अभ्यास संपला की निष्कर्ष माणसांना परत नेऊन सांगायचे, ही मॅडमची जुनी पद्धत. एरवी आम्ही गावागावांत समाजमंदिरात बसून सांगायचो. या वेळी त्यांनी सगळ्या घरांना विचारलं, नाशिकला कॉलेजात याल का, तुमच्यासारखी बाकीची घरंही तिथे असतील, चालेल का. बहुतेकजण हो म्हणाले. डीनना प्रमुख पाहुणे हवे होते. मॅडम म्हणाल्या, “आप्पांनाच बोलवा. त्यांनीच तर पाठिंबा दिला होता.”

सभागृह भरलं होतं. फेटे, टोप्या, डोक्यावरून पदर, कडेवर पोरं. मंचावर आप्पा हार घालून बसलेला. माई पहिल्या रांगेत, कारण मॅडमनी तिला आणलं होतं. मॅडम बोलायला उठल्या. नेहमीसारखंच साधं बोलल्या. पिणाऱ्या माणसाला एकदम दारू तोडली की काहींना फिट येते, भास होतात, औषध दिलं नाही तर जीव जातो. हा आजार आहे, त्याला दवाखाना लागतो, दोर आणि काठी लागत नाही. मागे राहिलेल्यांना झोप का लागत नाही ते सांगितलं. मग म्हणाल्या, “आम्ही तुम्हाला विचारलं होतं, शेवटची आंघोळ कोणी घातली. बहुतेक घरांत घरच्यांनीच घातली. काही घरांत माणूस आंघोळ घालूनच आला. त्यांना शेवटचं अंग बघायलाच मिळालं नाही. त्यांपैकी एक घर माझं आहे. माझ्या भावाला, मिलिंदला, लांब बाह्यांचा पांढरा सदरा घालून आणलं होतं. मी ती बाही वर करून बघितली नाही.” आणि त्या थांबल्या.

सभागृहात आधी कुजबुज. मग कळवणचा म्हातारा काठी टेकून उठला. “आमच्या पोराचा बी तसाच सदरा व्हता.”

मागून येवल्याची एक बाई उभी राहिली, तिचा नवरा पैठणी विणायचा. “आमच्या मालकांना पण तसंच आणलं होतं. फुल बाह्यांचा. मी म्हटलं, हे कधी असले सदरे घालत नव्हते.”

“कुठून आनला व्हता, माय?” म्हाताऱ्याने मागे वळून विचारलं.

तिने मंचाकडे बोट केलं. मग इकडून एकजण उठला, तिकडून एकजण. “तुमचा पण?” “आमचा पण.” मॅडम माइकपाशी गप्प उभ्या होत्या. त्यांनी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाकडे बघितलंही नाही. आप्पा उठून म्हणाला, “हे बघा, माऊली, गैरसमज होतोय, आम्ही तर सेवा म्हणून…” पण तो सेवा हा शब्द बोलला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं. मला वाटतं, समितीत सही केली तो दिवस त्याला तेव्हा आठवला असावा. मी त्याचा चेहरा डोळे भरून बघून घेतला.

माई उठली. ती हळूहळू पायऱ्या चढून मंचावर गेली. मला वाटलं आता ती त्याच्या थोबाडीत मारणार. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, “खिरीचा डबा आमचा तुज्याकडं राह्यलाय. तेवढा परत दे.” मॅडमनी तिला धरून खाली आणलं.

पुढचं पेपरात आलं. घरांनी मिळून तक्रार दिली. मग केंद्रातून वाचून आलेली माणसं बोलायला लागली, मनगटावरचे, घोट्यांवरचे जुने व्रण दाखवायला लागली. केंद्राला सील लागलं. सदोष मनुष्यवधाचा खटला उभा राहिला. आप्पा काही दिवस आत होता, मग जामिनावर सुटला. सत्कार करणाऱ्यांनी आपापल्या भिंतींवरचे फोटो उतरवले. मॅडम त्यानंतर निवृत्त झाल्या, आणि मघाशी सांगितलेली स्मरणिका निघाली. माई मात्र त्या दिवसानंतर फार बोलली नाही. तिचं जे एक समाधान होतं तेही आपण काढून घेतलं, असं मला वाटायचं. मी एकदा मॅडमना तसं म्हटलंही. त्या म्हणाल्या, “हो. तो हिशेबही त्याच्याच नावावर.”

निवृत्तीनंतर लोक भजन, नातवंडं, सहली असं काहीतरी धरतात. मॅडमनी कोर्टाची तारीख धरली. एकही चुकवत नाहीत. जेवणाचा डबा घेऊन येतात, मागच्या बाकावर बसतात. पुढची तारीख पडली की उठतात. आप्पाचा वकील एकदा न्यायाधीशांना म्हणाला, या बाई नुसत्या बघत बसतात, आमच्या अशिलाला त्रास होतो. न्यायाधीशांनी विचारलं, बघण्यावर बंदी कशी घालू?

परवाच्या तारखेला मी त्यांच्यासोबत गेले होते. कोर्टाच्या व्हरांड्यात आप्पा बाकावर बसला होता, शेजारी त्याचा मुलगा. ओळखू येऊ नये इतका वाळलेला. घाम निथळत होता, हात थरथरत होते. तो सारखा आपल्या बाहीवरून काहीतरी झटकत होता. बाहीवर काहीच नव्हतं.

मॅडम बघत होत्या. मग उठल्या, त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि मुलाला म्हणाल्या, “शेवटची कधी घेतली?”

“बाबा पीत नाहीत, मॅडम.”

“मी विचारलं, शेवटची कधी घेतली?”

मुलाने इकडेतिकडे बघितलं. “परवा,” तो हळूच म्हणाला. “केस लागल्यापासून पुन्हा सुरू झाली. आज कोर्ट होतं, म्हणून परवापासून खोलीत कोंडून ठेवलं होतं. बाबांचीच पद्धत…” आणि तो पुढे बोलेना.

आप्पा वर बघत म्हणाला, “ताई, मुंग्या बघा किती झाल्यात.”

“याला आत्ताच्या आत्ता सिव्हिलला न्यायचं,” मॅडम म्हणाल्या. “फिट येईल. वकिलाला सांग, अर्ज दे म्हणावं. चल, धर त्या बाजूने.” मी जागच्या जागी उभी राहिले. माझ्या मनात काय होतं ते लपवत नाही. मला वाटलं, बसू दे ना इथंच. येऊ दे फिट. बघू दे एकदा कशी असते.

मॅडमनी आणि मुलाने त्याला दोन्ही बाजूंनी धरून फाटकापर्यंत आणलं, रिक्षा थांबवली, आत बसवलं. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुमचे उपकार कसे…”

“उपकार नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “आरोपी मेला की केस बंद होते.”

आणि त्या आप्पाच्या शेजारी चढून बसल्या. रिक्षा सुरू झाली. नाडी बघायला दोन बोटं पुरतात. मॅडमनी त्याचं अख्खं मनगट मुठीत धरलं होतं.